गाडीची स्प्रिंग: घरी बदलावी की गॅरेजात?

आपल्याकडच्या छोट्या गाड्यांपुरते उत्तर सरळ आहे. हौस, सपाट जागा आणि हाताशी एक जाणता माणूस असेल तर मागच्या स्प्रिंगा घरी बदलता येतात. पुढच्या स्प्रिंगांचे काम दोन भागांत मोडते. आख्खा स्ट्रट, म्हणजे ज्यावर स्प्रिंग चढवलेली असते तो खांब, गाडीतून सोडवणे जमण्यासारखे आहे, पण त्या स्ट्रटवरून स्प्रिंग उतरवणे जिवावर बेतू शकते, आणि तेवढे तरी गॅरेजवर सोपवावे. पैसे वाचतील म्हणून यातले काहीच अंगावर घेऊ नये, कारण आपल्याकडे ते फारसे वाचत नाहीत. हे असे का, ते आता क्रमाने पाहू.

दोष स्प्रिंगचाच आहे का?

स्प्रिंग गाडीचे वजन पेलते. शॉकअब्सॉर्बर, म्हणजे गॅरेजमधला शॉकअप, वजन पेलत नाही. स्प्रिंगची उसळी शांत करणे एवढेच त्याचे काम. या दोघांची गल्लत झाली की भलताच भाग बदलला जातो. गतिरोधक ओलांडल्यावर गाडी दोन-तीनदा वर-खाली डुलत राहिली तर संशय शॉकअपवर घ्यावा. त्याच्या नळीवर तेलाचा ओघळ आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसली, की मग शंकाही उरत नाही. गाडी एका अंगाला झुकलेली किंवा मागून बसलेली दिसत असेल, तर मात्र स्प्रिंगकडे बघायचे.

यासाठी एक मोजपट्टी पुरते. सपाट फरशीवर गाडी उभी करा, डिकी रिकामी करा आणि चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची चारही चाकांपाशी मोजा. मध्यापासून मोजल्यामुळे टायरमधल्या कमी-जास्त हवेचा घोळ होत नाही. एकाच जोडीच्या डाव्या-उजव्या चाकांत एक-दीड सेंटीमीटरपेक्षा जास्त तफावत निघाली, तर कमी उंचीच्या बाजूची स्प्रिंग बसली आहे किंवा तुटली आहे असे धरून चाला आणि बॅटरी लावून तिचे खालचे वेटोळे बघा.

आवाजावर लगेच भरवसा ठेवू नये. खराब रस्त्यावरचा खडखडाट बहुधा लिंक रॉडचा असतो, आणि तो भाग स्प्रिंगपेक्षा स्वस्त आणि बदलायलाही सोपा. जागच्या जागी स्टिअरिंग वळवताना ‘टण्ण’ असा आवाज येत असेल तर ही तपासणी करा. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, इंजिन चालू. एकाने स्टिअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचे. दुसऱ्याने चाकाच्या वरच्या फटीतून हात घालून स्प्रिंगच्या बाहेरच्या अंगाला दोन बोटे टेकवायची. वेटोळ्यांच्या मध्ये बोट घालायचे नाही. स्प्रिंग स्टिअरिंगबरोबर अलगद फिरत राहिली तर सारे ठीक आहे. ती पीळ भरल्यासारखी अडकून बसली आणि मग झटक्याने सुटली, बोटांना तो झटका स्पष्ट जाणवला, तर वरच्या माउंटिंगमधले बेअरिंग गेले आहे. अशा वेळी स्प्रिंग बदलून आवाज जाणार नाही. बेअरिंग बदलायलाही स्ट्रट खोलावाच लागतो हे खरे, पण बिलात स्प्रिंगांची जोडी उगाच चढणार नाही.

तुटते कुठे आणि का

गाडीची स्प्रिंग म्हणजे उच्च ताकदीच्या पोलादाची बोटभर जाड सळई. ती वेटोळी करून झाल्यावर कारखान्यात तिच्यावर बारीक पोलादी छर्ऱ्यांचा मारा करतात. त्याने पृष्ठभाग आतल्या बाजूला दाबला जातो आणि लाखो वेळा दबून-सुटूनही तिथे सहजी चीर पडत नाही. मग वर रंगाचा जाड थर येतो. रस्त्यावरची खडी उडून या रंगाचा टवका उडाला की त्या ठिकाणी गंज धरतो, गंजाची खळी पडते आणि चिरेला तोंड मिळते.

नेमकी सर्वांत खालचे वेटोळे जिथे टेकते ती बशीसारखी बैठक चिखल धरून ठेवते. पावसाळाभर ओला गाळ तिथे बसून असतो आणि दिवाळीपर्यंत वाळून घट्ट होतो. कोकणातल्या खाऱ्या हवेत हे सारे लवकर घडते. काशीद-दिवेआगरच्या ओल्या वाळूत गाडी नेऊन फोटो काढणारे परत आल्यावर बॉनेट पुसतात, पण स्प्रिंगच्या बैठकीत गोड्या पाण्याचा पाइप धरत नाहीत. धरायला हवा तो तिथेच. इंग्लंडात हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. तिथे गाडी वार्षिक तपासणीत नापास होण्याच्या नेहमीच्या कारणांत तुटलेली स्प्रिंग असते.

तुटतो तो बहुधा खालच्या टोकाचा तुकडा. गाडी थोडी खाली येते, एखाद्या खड्ड्यात ‘कट्’ वाजते आणि चालत राहते. म्हणूनच मालकाला आठवडेच्या आठवडे पत्ता लागत नाही. धोका असा की तुटलेले अणकुचीदार टोक टायरच्या आतल्या अंगापासून जेमतेम काही सेंटीमीटरवर असते. ते बैठकीतून घसरले तर चालत्या गाडीचा टायर फाडते. तुटलेली स्प्रिंग दिसल्यावर एक्स्प्रेस वेवर जायचा बेत रद्द करावा.

न तुटताही स्प्रिंग कायमची बसते. आपल्याकडे त्याचे मोठे कारण बाहेरून बसवलेली सीएनजीची टाकी. साठ लिटरची पोलादी टाकी रिकामी असतानाच पन्नास-साठ किलोंची भरते, म्हणजे एक प्रवासी डिकीत कायम मुक्कामाला आला. कंपनीतून सीएनजी लावून आलेल्या गाडीच्या मागच्या स्प्रिंगा त्या हिशेबाने दिलेल्या असतात. बाहेरून किट बसवताना सहसा त्यांच्याकडे कोणी बघत नाही.

पुढची वेगळी, मागची वेगळी

पुढच्या चाकांना आज जवळपास प्रत्येक छोट्या गाडीत मॅक्फर्सन स्ट्रट असतो. अर्ल मॅक्फर्सन या अमेरिकन अभियंत्याने 1947 साली त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला, आणि फोर्डने तो विसाव्या शतकाच्या मध्याला रस्त्यावरच्या गाड्यांत आणला. कल्पना अशी, की शॉकअप आणि स्प्रिंग एकाच खांबात बसवायचे आणि तोच खांब चाकाला वरून धरून ठेवील. भाग कमी, जागा कमी, खर्च कमी. स्वस्त आणि आटोपशीर गाडीला दुसरे काय हवे? गोम एवढीच, की स्प्रिंग या खांबावर दोन बशांच्या मध्ये दाबून बसवलेली असते आणि वरचा एक नट तिला रोखून धरतो. गाडी जॅकवर घेतली, चाक हवेत लोंबले, तरी ती पूर्ण मोकळी होत नाही.

मागे बऱ्याच हॅचबॅक गाड्यांत दोन्ही चाकांना जोडणारा आडवा टॉर्शन बीम असतो. त्यात स्प्रिंग बीम आणि बॉडी यांच्यामध्ये उभी बसते, आणि शॉकअप तिच्यापासून वेगळा, शेजारी असतो. शॉकअपचा खालचा बोल्ट काढून बीम खाली सोडला की स्प्रिंग सैल पडते आणि हाताने बाहेर येते. मागचे काम घरी जमण्यासारखे आहे ते एवढ्यामुळेच. मात्र सगळ्याच गाड्या अशा नाहीत. जुन्या इंडिकाच्या मागच्या स्प्रिंगाही शॉकअपवरच चढवलेल्या होत्या. तुमच्या गाडीत तसे असेल तर मागच्यालाही पुढच्याचेच नियम लावायचे.

दाबलेल्या स्प्रिंगचा जोर

हा हिशेब एकदा मांडून पाहावा. छोट्या गाडीची पुढची स्प्रिंग एक मिलिमीटर दाबायला ढोबळ मानाने 20 न्यूटन जोर लागतो. वरचा नट काढण्याजोगी मोकळीक मिळावी म्हणून ती 12 सेंटीमीटर दाबली असे धरू. आता ती 2400 न्यूटन, म्हणजे जवळजवळ 245 किलोंच्या भाराएवढ्या जोराने सुटू पाहते आहे, आणि तिच्यात 144 जूल ऊर्जा साठली आहे. घरातला भरलेला गॅस सिलिंडर अर्ध्या मीटरवरून पायावर पडावा एवढी ही ऊर्जा. फरक इतकाच, की सिलिंडर खालीच पडतो. स्प्रिंग सुटली तर कुठल्या दिशेला जाईल ते सांगता येत नाही, आणि नट काढणाऱ्याचा चेहरा बहुधा तिच्या रोखातच असतो.

जगभरच्या दुरुस्ती-पुस्तिकांत या कामापाशी ठळक इशारा छापलेला असतो तो याच कारणाने. तो वाचून न वाचल्यासारखे करू नये.

मागच्या स्प्रिंगा घरी बदलताना

सर्वांत आधी जमीन. सोसायटीच्या पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक असतील तर घोडी, म्हणजे जॅक स्टँड, भाराखाली एका पायावर खचू शकते. तिच्याखाली जाड प्लायचा तुकडा घाला. बेसमेंटकडे उतरणारा रॅम्प कितीही रिकामा असला तरी तिथे हे काम नको. गाडीबरोबर मिळालेला कात्रीचा जॅक पंक्चर काढण्यापुरता असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. ट्रॉली जॅक आणि दोन घोड्या नसतील तर पुढचे वाचले नाही तरी चालेल.

बहुतेक गाड्यांचा हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो, आणि आपण उचलणार आहोत नेमकी तीच चाके. म्हणजे मागचा भाग वर गेला की हँडब्रेक असून नसल्यासारखा. म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ओंडे लावा आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा. चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करून घ्या.

घोड्या बॉडीच्या ठरलेल्या जागी, दाराखालच्या पट्टीवरच्या खाचांपाशी लावायच्या; बीमखाली लावल्या तर बीम खाली येणारच नाही. दोन्ही चाके काढा. ट्रॉली जॅक बीमच्या मधोमध टेकवून किंचित भार घ्या आणि मग दोन्ही शॉकअपचे खालचे बोल्ट काढा. एकाच बाजूचा काढून भागत नाही, कारण बीम पिळाला विरोध करतो आणि हवी तेवढी जागा देत नाही. आता जॅक अगदी सावकाश सोडायचा. इथे सोबत्याचे काम आहे. त्याने नजर ठेवायची ती ब्रेकच्या रबरी पाइपवर, हँडब्रेकच्या केबलवर आणि एबीएसच्या वायरीवर. यांतले काहीही ताणले जाऊ लागले की थांबायचे आणि त्याची क्लिप आधी सोडवायची. ब्रेकचा पाइप ताणून स्प्रिंग काढण्याची घाई करणारा पुढे ब्रेक दुरुस्त करत बसतो.

स्प्रिंग सैल झाली की हाताने फिरवून बाहेर काढा. वर आणि खाली रबरी बैठका असतात. त्या चिरल्या असतील तर नव्या घाला, किंमत किरकोळ असते. बैठकीत सळईचे टोक टेकण्यासाठी एक पायरी केलेली असते. नव्या स्प्रिंगचे टोक त्या पायरीला नीट भिडले पाहिजे. बोटाने चाचपून बघा. टोक पायरीवर चढलेले राहिले तर पहिल्याच खड्ड्यात ते खाली घसरेल, धाडकन आवाज येईल आणि तुम्हाला वाटेल नवी स्प्रिंगच तुटली.

मग जॅकने बीम वर घ्या, शॉकअपचे बोल्ट घाला, पण पूर्ण आवळू नका. चाके लावा, गाडी जमिनीवर टेकवा, मागच्या बाजूवर दोन-चारदा भार देऊन सोडा आणि मगच बोल्ट टॉर्क पान्याने पुस्तिकेतल्या आकड्याला आवळा. शॉकअपच्या डोळ्यात रबरी बुश असतो. चाक लोंबत असताना बोल्ट आवळला तर गाडी खाली आल्यावर तो बुश कायमचा पिळलेला राहतो आणि काही महिन्यांत फाटतो. हे साधे पथ्य गॅरेजमध्येही सर्रास पाळले जात नाही. या एका बाबतीत घरी केलेले काम गॅरेजपेक्षा सरस ठरू शकते.

पुढच्या स्प्रिंगा: कुठपर्यंत आपण, कुठून पुढे मिस्त्री

स्ट्रट गाडीतून काढण्यापर्यंतचा भाग हौशी माणसाला झेपतो. चाक काढायचे, ब्रेक पाइप आणि एबीएसची वायर स्ट्रटवरून सोडवायची, लिंक रॉडचा नट काढायचा. या नटाबरोबर आतला बॉल गरगर फिरतो, तेव्हा त्याला ॲलन कीने किंवा दुसऱ्या पान्याने धरावे लागते. मग स्ट्रट आणि नकल (चाक जिच्यावर बसते तो भाग) यांना जोडणारे दोन जाड बोल्ट. ते काढण्याआधी त्यांच्या जागेवर खुणा करून ठेवा, कारण चाकाचा तिरपेपणा इथेच ठरतो. हे बोल्ट सुटताच नकल बाहेर कलंडते. तिला दोरीने किंवा तारेने बांधून ठेवा, नाहीतर तिचा भार ब्रेकच्या पाइपवर येतो आणि आतला ड्राइव्ह शाफ्टचा जोड निसटण्याची भीती असते. शेवटी बॉनेट उघडून वरच्या माउंटिंगचे बाहेरचे नट काढायचे आणि स्ट्रट खालून उतरवायचा.

बॉनेटखाली त्या माउंटिंगच्या अगदी मधोमध आणखी एक नट दिसतो. त्याला स्ट्रट गाडीत असताना किंवा स्प्रिंग हत्याराने दाबून धरलेली नसताना हात लावायचा नाही. स्प्रिंगला रोखून धरणारा नट तोच.

इथून पुढचे काम स्प्रिंग कॉम्प्रेसरचे. बाजारात मिळणाऱ्या साध्या कॉम्प्रेसरमध्ये दोन लांब स्क्रू आणि प्रत्येकाला वर-खाली आकडे असतात. ते समोरासमोर, बरोबर अर्ध्या वर्तुळाच्या अंतरावर लावायचे असतात आणि थोडे हे, थोडे ते असे आळीपाळीने आवळत जायचे असते. एका बाजूला दोन फेरे जास्त झाले की स्प्रिंग केळीसारखी वाकते आणि आकडा गोल सळईवरून सरकू लागतो. हा आकडा सरकताना दिसतो, आणि थांबवता येत नाही. स्वस्तातल्या कॉम्प्रेसरच्या आकड्यांना खिटीही नसते. घाई म्हणून त्यावर हवेची गन चालवली तर स्क्रूचे आटे तापून चिकटतात किंवा झिजतात, आणि मग दाबलेली स्प्रिंग ना सोडता येते ना आवळता.

म्हणून माझा सल्ला असा: स्ट्रट स्वतः काढायची फारच हौस असेल तर काढा, पण तो रिक्षात घालून गॅरेजात न्या. भिंतीला किंवा स्टँडला पक्का बसवलेला कॉम्प्रेसर असलेल्या ठिकाणी स्प्रिंग बदलून घ्या आणि घरी येऊन स्ट्रट परत चढवा. अशी अर्धी मजुरी घेऊन काम करायला बरेच मिस्त्री तयार असतात. थोडी चेष्टा ऐकावी लागेल, तेवढी सोसावी.

स्ट्रट खोललाच आहे तर वरचे बेअरिंग, माउंटिंगचे रबर, बंप स्टॉप आणि धूळ अडवणारे रबरी कव्हर यांची अवस्था बघा. यांपैकी काहीही सहा महिन्यांनी बदलायचे झाले तर हीच मजुरी पुन्हा द्यावी लागेल.

कोणती स्प्रिंग घ्यावी

एकाच मॉडेलच्या पेट्रोल, डिझेल आणि सीएनजी गाड्यांच्या स्प्रिंगा बहुधा वेगवेगळ्या असतात, आणि दिसायला सारख्याच. वेटोळ्यांवर रंगाच्या पट्ट्या मारलेल्या असतात त्या यासाठीच. पुण्यात नाना पेठेत जा किंवा कंपनीच्या पार्ट्स काउंटरवर. नुसते गाडीचे नाव सांगू नका, चॅसिस नंबरावरून पार्ट नंबर काढून घ्या. बदलायच्या त्या जोडीनेच. एक नवी आणि एक दहा वर्षे दबलेली, अशी जोडी लावली की गाडी एका बाजूला उंच राहते आणि ब्रेक मारताना एकीकडे ओढते.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या स्प्रिंगा स्वस्तात मिळतात. दरवाजा, दिवा, आरसा जुना घ्यायला हरकत नाही. स्प्रिंग मात्र जुनी घेऊ नये, कारण तिची थकवा सोसण्याची ताकद किती उरली आहे ते डोळ्यांना कळत नाही.

गाडी बुटकी दिसावी म्हणून वेटोळे कापणाऱ्यांसाठी थोडे गणित. स्प्रिंगचा ताठपणा काम करणाऱ्या वेटोळ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असतो. सहापैकी एक कापले तर स्प्रिंग 20 टक्के ताठ होते, शिवाय कापलेले टोक बैठकीतल्या पायरीत बसत नाही. सळईच्या जाडीचा परिणाम तर चौथ्या घाताने होतो. 12 मिलिमीटरऐवजी 13 मिलिमीटरची सळई आली की ताठपणा सुमारे 38 टक्क्यांनी वाढतो. तेव्हा ‘थोडी जाड बसवून देतो साहेब’ असे कोणी म्हणाले तर ती थोडी नसते. मूळ रचनेत फेरफार करण्यावर मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 चे बंधन आहे हेही ध्यानात असावे.

वेटोळ्यांच्या मध्ये खोचायची रबरी कडी ऑनलाइन खूप खपते. बसलेल्या गाडीला ती थोडी उंची देते हे खरे, पण रोग तसाच राहतो, आणि कडीच्या वर-खालच्या वेटोळ्यांवर जास्त ताण येतो. सहलीआधीची तात्पुरती सोय म्हणून ठीक.

खर्चाचा हिशेब

दर शहरागणिक आणि गाडीगणिक बदलतात, तरी अंदाज बांधता येतो. छोट्या गाडीच्या दोन पुढच्या स्प्रिंगा दोन ते पाच हजारांत बसतात. गल्लीतल्या चांगल्या गॅरेजात दोन्ही बाजूंची मजुरी हजार ते अडीच हजार, अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये त्याहून जास्त आणि वर 18 टक्के जीएसटी. सुट्या भागांवरही 22 सप्टेंबर 2025 पासून 18 टक्केच लागतो. आधी बऱ्याच भागांवर तो 28 होता. त्यानंतर व्हील अलाइनमेंट, आणि त्याचे पैसे, काम घरी केले काय नि गॅरेजात केले काय, द्यावेच लागतात.

घरी करायचे तर ट्रॉली जॅक, दोन घोड्या, सॉकेट सेट, टॉर्क पाना आणि कॉम्प्रेसर मिळून दहा हजारांच्या घरात सहज जातात. म्हणजे दोन हजारांची मजुरी वाचवायला पाचपट हत्यारे घ्यायची. ही हत्यारे इतर कामांना उपयोगी पडतील असे तुम्हाला खरोखर वाटत असेल तर ती घ्या. पण कॉम्प्रेसरचा उपयोग स्प्रिंगशिवाय कशालाच होत नाही.

अमेरिकेत राहणारा भाचा फोनवर सांगतो की त्याने घराच्या गॅरेजमध्ये दोन्ही स्ट्रट स्वतः बदलले, तेव्हा त्याचे गणित वेगळे असते. तिथे मिस्त्रीच्या तासालाच शंभर डॉलरच्या वर पडतात, पार्ट्सची काही दुकाने अनामत घेऊन कॉम्प्रेसर वापरायला देतात, आणि स्प्रिंग, शॉकअप, माउंटिंग असा आख्खा जुळवलेला स्ट्रट खोक्यात तयार मिळतो. तो घेतला की स्प्रिंग दाबायचा प्रश्नच येत नाही. आपल्याकडे मजुरी स्वस्त आणि जुळवलेला स्ट्रट सहसा मिळत नाही. त्याचे बघून आपण तसे करायला जाऊ नये.

गॅरेज निवडताना

मजुरी विचारण्याआधी विचारा, “दादा, स्प्रिंग कॉम्प्रेसर आहे ना? दाखवता का?” साखळी, तार किंवा दोरीने स्प्रिंग बांधून नट काढणारे कारागीर अजूनही भेटतात, आणि त्यांच्या हाताला यश असतेही. तरी तिथे थांबू नये. पोराटोरांना त्या कामाला लावलेले दिसले तर मुळीच नाही. नायलॉनचे लॉक नट नवे घालणार का, तेही विचारून घ्या, कारण ते एकदा काढले की त्यांची पकड कमी होते. जुन्या स्प्रिंगा परत मागा. बिलावर पार्ट नंबर लिहून घ्या. अलाइनमेंटचा आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही छापील कागद घ्या. एवढे मागितल्यावर कपाळाला आठ्या पडणाऱ्या गॅरेजात गाडी सोडू नका.

गाडी वॉरंटीत असेल तर यातले काहीच नको. सरळ कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न्या.

पाट्यांच्या गाड्या

बोलेरो, टाटा एस यांच्या मागे गोल स्प्रिंग नसून पाटे असतात. जुन्या अँबॅसडरलाही मागे पाटेच होते. पाटा गुंडाळलेला नसल्यामुळे उसळून अंगावर येण्याचा धोका कमी, पण वजन भरपूर, आणि यू-बोल्ट वर्षानुवर्षे गंजून जाम झालेले असतात. ते सोडवायला बहुधा गॅस कटर लागतो. ट्रकची वर्दळ असलेल्या रस्त्यांवर पाट्यांचेच काम करणाऱ्या दुकानांत हे तासा-दोन तासांत होते. घरी करण्यात काही हशील नाही.

काम झाल्यावर

पुढच्या स्प्रिंगा बदलल्या की उंची बदलते, आणि उंचीबरोबर चाकांचा कोनही. अलाइनमेंट टाळली तर नव्या टायरची एक कड काही हजार किलोमीटरमध्ये गुळगुळीत होते. पण ती लगेच त्याच संध्याकाळी करू नका. दोन-तीन दिवस गाडी नेहमीसारखी चालवा, स्प्रिंगा बैठकीत नीट बसू द्या आणि मग करा. सुरुवातीला गाडी थोडी उंच दिसेल. त्याची काळजी करू नका.

पहिल्या फेरीत काच खाली घेऊन, रेडिओ बंद ठेवून ओळखीच्या गतिरोधकावरून हळू जा. ठोका ऐकू आला तर परत या आणि स्प्रिंगचे टोक पायरीत आहे का ते बघा. चाकांचे नट छोट्या गाड्यांत साधारण 85 ते 110 न्यूटन-मीटरला आवळतात. तुमच्या गाडीचा नेमका आकडा पुस्तिकेत दिलेला असतो. काम घरी झालेले असो की गॅरेजात, पहिल्या शंभर किलोमीटरनंतर ते नट टॉर्क पान्याने पुन्हा एकदा तपासून घ्या.